लोटाची निवड

पांढुर्णा-सौंसरची तरुण कुटुंबे बिऱ्हाड उचलून नागपूरच्या वाढत्या उपनगरांत, हिंगणा-बुटीबोरीकडे जातात. ते परराज्य खरे. पण १९५६ पर्यंत नागपूर आपलीच राजधानी होती. जाण्यास आम्ही पाप म्हणणार नाही. अब्रामही देश सोडून निघाला. मात्र उत्पत्तीचा १३ वा अध्याय पाहा. वडील चुलत्याने निवड पुढे केली, लोटाने यार्देनेचे हिरवे खोरे घेतले. चुलत्याला काय उरेल, हे विचारल्याचे लिहिलेले नाही. सदोमाचा शेजारही त्याने पारखला नाही. आपणही पगार, शाळा, भाडे विचारतो. संत्र्यांच्या बागेत मागे राहिलेल्या आईबापांचे काय, मुले उपासनेस कोठे बसतील, हे विचारतो काय? बंधुभगिनींनो, अवश्य जावे; पण या दोन प्रश्नांची उत्तरे देऊनच सामान बांधावे.