बोट आणि शेपूट

गेल्या वर्षी दसरा होऊन गेला होता आणि शाळेला दिवाळीची सुटी लागायला आठवडाभर उरला होता. संध्याकाळी ओट्यावर बसून मी वह्या तपासीत होतो. तोच माझा एक जुना विद्यार्थी आला. शाळेत असताना हा मुलगा गणितात कच्चा. परंतु आवारात शिरणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामांजराशी त्याची ओळख. आता तो चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतो. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापाशीच संपतात. ती प्रेसने नेली. तो त्याविषयी बोलत नाही आणि मीही कधी विचारले नव्हते.

आमच्या भागाचे रूप पालटले त्याला आता बरीच वर्षे झाली. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणभोवती आज मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. पिंपरी-चिंचवडपासून इकडे पत्र्याच्या शेडांची रांग लागली आहे. शेड आली की फाटक आले, फाटक आले की पहारेकरी आला, आणि पहारेकऱ्याच्या सोबतीला कुत्रा. गावठी कुत्रा रात्रभर फुकट भुंकतो. पण मालकाला डॉबरमन हवा असतो. आणि डॉबरमन म्हटला की तो बिनशेपटीचाच हवा.

चहा झाल्यावर माझा विद्यार्थी मुद्द्यावर आला. त्याच्या घरच्या डॉबरमन कुत्रीला आदल्या रात्री सहा पिल्ले झाली होती. ती विकून मुलीच्या शाळेची फी भरावयाचा त्याचा विचार होता.

"गुरुजी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेपटं छाटावी लागतात. जनावरांचे डॉक्टर नाही म्हणाले. दुसरा एक जण आहे, तो घरी येऊन करून देतो. पण घरातली म्हणते, दिवाळीच्या तोंडावर हे पाप कशाला? अन् शेपटाचं पिल्लू कुणी घेत नाही. घेतलं तर निम्म्या पैशात. तुम्ही सांगा, ह्यात पाप आहे का?"

खरे सांगावयाचे तर डॉबरमनला शेपूट जन्मतःच नसते अशीच माझी इतकी वर्षे समजूत होती. ते कापलेले असते हे त्या दिवशी मला प्रथम कळले. मी त्याला म्हणालो, "मला थोडा वेळ दे. विचार करून सांगतो."

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. तत्त्वज्ञानाची परिभाषा माझ्याजवळ नाही. पण कोणी विश्वासाने विचारले तर उत्तर नीट द्यावे, एवढे मास्तरकीने मला शिकवले आहे. म्हणून मी वाचू लागलो, चार जाणत्यांना विचारू लागलो.

ही चाल फार जुनी निघाली. कोलुमेला नावाच्या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. पिल्लू चाळीस दिवसांचे झाले की त्याच्या शेपटीचे टोक तोडावे, असे तो सांगतो. त्यामुळे शेपूट बेढब वाढत नाही आणि कुत्रा पिसाळत नाही, असे मेंढपाळ म्हणतात, हे कारणही देतो. पिसाळण्याचा रोग चावण्यातून, लाळेतून पसरतो हे आज शाळेतले पोरही जाणते. म्हणजे कारण खोटे ठरले. पण कापणे चालूच राहिले. डॉबरमनची जात तर अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील आपोल्डा गावी डोबरमन आडनावाचा एक करवसुली कारकून होता. वसुलीला जाताना सोबतीला एखादे दांडगे जनावर असावे म्हणून त्याने ही जात घडवण्यास सुरुवात केली. झटापटीत शेपूट कोणाच्या हाती लागू नये म्हणून ते कापतात, असे सांगितले जाते. त्याच जर्मनीत १९९८ पासून शेपूट छाटण्यास बंदी आहे. शिकारी कुत्र्यांपुरती तेवढी सूट आहे.

छाटण्याच्या बाजूचे पहिले म्हणणे असे की, दोन-चार दिवसांच्या पिल्लाला दुखत नाही. हे म्हणणे मला ओळखीचे वाटले. विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापर्यंत माणसाच्या तान्ह्या बाळांवरही कित्येक ठिकाणी पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. त्यांना वेदना कळत नाहीत, अशी शहाण्या डॉक्टरांचीही समजूत होती. ज्याला बोलता येत नाही त्याला दुखत नाही, हा निष्कर्ष आपण किती सहज काढतो! आणि कुत्र्याचे बोलणे तर निम्मे शेपटीतच असते. २००७ साली इटलीतील संशोधकांनी असे दाखवले की, धनी दिसला की कुत्र्याचे शेपूट उजवीकडे अधिक हलते आणि परका दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. आपण नुसते 'शेपूट हलवतो' म्हणून मोकळे होतो. त्यात डावे-उजवे आहे हे त्याच्या जातभाईंना ठाऊक असते.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे, आणि ते मी टाळणार नाही. ते असे की, कामाच्या कुत्र्याला शेपटीची इजा होते. लहानपणी थोडे कापले तर पुढचे मोठे दुखणे टळते. ब्रिटनमध्ये ह्यावर मोजणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्व प्रकारचे कुत्रे धरले होते. त्यात असे आढळले की, एक इजा टाळण्यासाठी सुमारे ५०० कुत्र्यांची शेपटे कापावी लागतील. पण २०१४ साली स्कॉटलंडमधील फक्त शिकारी कुत्र्यांचा हिशोब पुढे आला, तेव्हा चित्र उलटे दिसले. काटेरी झुडपांत शिरणाऱ्या स्पॅनियल जातीच्या शेपूटवाल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना एकाच हंगामात शेपटीला इजा झाली होती. स्कॉटलंडने २००७ साली सरसकट बंदी घातली होती; २०१७ साली तेथील विधिमंडळाने अशा कामाच्या जातींपुरती टोकाकडची एक तृतीयांश शेपटी कापण्यास मोकळीक दिली. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. उत्तर बदलले ते काम बदलल्यामुळे. तेव्हा त्या झुडपातल्या कुत्र्याच्या धन्याला मी क्रूर म्हणणार नाही.

परंतु चाकणच्या फाटकाला साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या वाट्याला कोणते झुडूप येते? चिंचवडच्या सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत, गालिच्यावर झोपणाऱ्या कुत्र्याला कसले काटे लागतात? कारण तिकडे परदेशात राहिले. कापणे तेवढे इकडे आले. आमच्याकडे खरोखर काम करणारे कुत्रे मी दर वर्षी पाहतो. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेवर आमच्या शिवारात उतरतात. शेतकरी खतासाठी मेंढरे बसवून घेतात. रात्री लांडग्याशी गाठ पडेल ह्या तयारीने जागणारे त्यांचे कुत्रे मी जवळून पाहिले आहेत. त्यांची शेपटे शाबूत होती. काम करणाऱ्याला शेपूट आणि नुसते दिसणाऱ्याचे छाटलेले, असा हा प्रकार आहे.

तिसरे म्हणणे आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचे. ते म्हणाले, "मास्तर, आपण बैलाला वेसण घालतो, खच्ची करतो, ते कसं चालतं? कुत्र्याच्या शेपटाचाच एवढा कळवळा का?" मी निरुत्तर झालो. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा अवयव तोडण्याला गुन्हा म्हणतो. पण शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे ही कृत्ये ठरवून दिलेल्या रीतीने केली तर त्यांना सूट देतो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणारे आपण, आपले हात स्वच्छ नाहीत. पण हात स्वच्छ नाहीत म्हणून आणखी मळवावेत, असेही त्यातून निघत नाही. उलट वेसणीलाही तोच प्रश्न विचारता येतो: जिच्यासाठी ही वेदना दिली, ती गरज अजून जिवंत आहे का? औत धरणाऱ्याला ह्याचे उत्तर देता येईल. डौलासाठी शेपूट कापणाऱ्याला देता येणार नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये डॉक्टरांना हे काम करू नका असे कळवले, त्यामागे हाच विचार होता. जातिवंत कुत्रे पाळणाऱ्यांच्या संस्थेला तो पटला नाही आणि वाद मद्रासच्या उच्च न्यायालयात गेला. माझ्या विद्यार्थ्याचे डॉक्टर मात्र तो पाळीत होते.

एवढे सगळे होईपर्यंत चौथा दिवस उजाडला. उत्तर माझ्याजवळ तयार होते, पण बोलताना ते त्याला पटेल की नाही, ही धास्ती होती. कारण फीचे पैसे माझ्या विचारांतून येणार नव्हते. शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो.

तो दारातच बसला होता. म्हणाला, "गुरुजी, उशीर केलात."

सकाळीच तो माणूस पाते आणि दोरा घेऊन आला होता. कुत्रीला आतल्या खोलीत कोंडले होते. पहिले पिल्लू उचलले, काम झाले. पिल्लू ओरडले आणि आतून कुत्री दारावर धडका देऊ लागली. त्या माणसाने दुसरे पिल्लू मागितले, तेव्हा ह्याने दिले नाही. मजुरीचे पैसे हातावर ठेवून त्याला वाटेला लावले.

"का रे?" मी विचारले.

त्याने डावा हात पुढे केला. प्रथमच.

"गुरुजी, आमच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात मध्ये राहत नाही. पण जॉब जास्त निघावे म्हणून एक बटण टेप लावून दाबून ठेवलं होतं. सगळेच ठेवायचे, बघूनही कुणी काही म्हणत नव्हतं. माझी बोटं गेली. दवाखान्यात एक जण चेष्टेनं म्हणाला, बरं झालं, आता ह्या बोटांना पुन्हा धोका नाही. सकाळी तो माणूस तेच म्हणाला. आत्ताच काढलं की पुढं इजा नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला."

मी चार दिवस पुस्तके चाळून जिथवर आलो होतो, तिथे तो एका वाक्यात पोहोचला होता. यंत्राने बोट जाते म्हणून कोणी कामगाराचे बोट आधी कापीत नाही. यंत्रावर झाकण बसवतात. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने हेच सांगितले होते की, धोकादायक यंत्राला आवरण घाला. मालकाला ते खर्चाचे वाटते, कामगाराला अडचणीचे वाटते, तरीही सांगितले होते. धोका टाळण्याचे ओझे यंत्राने उचलायचे, हाताने नव्हे. स्कॉटलंडच्या झुडपाला झाकण बसवता येत नाही, हे मी कबूल करतो. पण आपल्या डोळ्यांत बसलेल्या आवडीला तरी आवर घालता येतो. शेपूटवाला डॉबरमन आपल्याला विचित्र दिसतो, ह्यात डॉबरमनचा काय दोष?

महाभारताच्या शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. त्या कुत्र्याने वाटेत कोणते काम केले होते? काहीच नाही. तो शेवटपर्यंत बरोबर आला होता, एवढेच. धर्मराजाला तेवढे पुरले. आणि नेपाळात दिवाळीच्या दिवसांत एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कपाळाला टिळा लावतात. आपण निदान त्यांना जन्मले तसे राहू द्यावे.

पुढचा हिशोब सांगितला पाहिजे. पाच पिल्ले शेपटीसह विकली गेली, पण कमी पैशांत आणि उशिराने. फीचा दुसरा हप्ता त्याने जादा पाळ्या करून भरला. मी थोडे पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. चांगल्या निर्णयाची किंमत ज्याने उपदेश केला त्याला पडत नाही, हे मला त्या दिवशी पुरते उमगले. आणि मी तर उपदेशही वेळेवर केला नव्हता.

कापलेले पिल्लू त्याने विकले नाही. ते आता वर्षाचे झाले आहे. मी त्याच्या घरी गेलो की ते धावत येते आणि शेपूट नाही म्हणून सगळे मागचे अंगच हलवते. लोक हसतात, दिसतेही गमतीचे. मला मात्र हसू येत नाही. बाकीच्या पाचांची शेपटे माझ्या विद्यार्थ्याने वाचवली. ह्या एकाचे गेले, ते मी विचार करीत बसलो त्या चार दिवसांत.