चर बुजवला, रस्ता गेला

पुण्यात पावसाळ्यात खड्डे पडले की जंगली महाराज रस्त्याचा विषय निघतोच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पावसाने शहरातले रस्ते उखडले, तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष असलेल्या श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईच्या 'रेकॉन्डो' कंपनीला गाठलं. १ जानेवारी १९७६ रोजी रस्ता तयार झाला. खर्च सुमारे १५ लाख रुपये. कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती. हमीची मुदत उलटून कितीतरी पावसाळे गेले, तरी रस्ता शाबूत राहिला.

या गोष्टीतून लोक ठेकेदाराचा प्रामाणिकपणा तेवढा उचलतात. तो होताच. पण त्याहून मोलाची आहे ती हमी. दहा वर्षांत त्या रस्त्याचं काही बिघडलं, तर कोणाला जाब विचारायचा हे शहराला ठाऊक होतं. आज हेच नेमकं कोणाला सांगता येत नाही.

कारण रस्ता वरून एकाचा आणि खालून दहा जणांचा असतो. पाण्याची वाहिनी, ड्रेनेज, पावसाळी गटार, वीज, टेलिफोन, इंटरनेट, गॅस. प्रत्येकाचं खातं वेगळं, कंपनी वेगळी, अंदाजपत्रक वेगळं. नवं डांबर पडून महिना होत नाही तोच कुणीतरी कटर लावतं. निविदेत 'दोषदायित्व कालावधी', म्हणजे हमीची मुदत, आजही असतो. पण मध्येच दुसऱ्याने चर खणला की रस्ता करणारा हात वर करतो, आणि चर खणणारा तोवर पुढच्या चौकात पोचलेला असतो.

चर बुजवताना काय होतं, ते एकदा थांबून पाहण्यासारखं आहे. रीतसर काम असं: मुरूम थोडा थोडा टाकायचा, दर थराला पाणी मारून धुम्मस करायचा, वर खडीचा थर नीट दाबायचा आणि मगच डांबर. प्रत्यक्षात चरातून निघालेली मातीच, दगडधोंड्यांसकट, पुन्हा आत ढकलली जाते. वर उंचवटा ठेवतात, गाड्यांनी आपोआप दबेल म्हणून. पहिल्या मोठ्या पावसात माती खचते, जुन्या आणि नव्या डांबराच्या सांध्यातून पाणी खाली उतरतं. डांबराचा खरा शत्रू हे साचलेलं पाणी. ते खडीवरची पकड सोडवतं, वरून चाकं आदळत राहतात आणि चराच्या दोन्ही काठांनी खड्ड्यांची माळ लागते. फूटभर रुंद चरापायी अख्खा पट्टा जातो.

दुखणं जगभरचं आहे, उपायही अजमावलेले आहेत. ब्रिटनमध्ये १९९१च्या कायद्यानंतर रस्ता खणणाऱ्या कंपनीवर बुजवलेल्या भागाची किमान दोन वर्षांची हमी बंधनकारक झाली. लंडनने २०१२पासून वर्दळीच्या रस्त्यांवर खोदाईसाठी दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत भाडं लावलं. गर्दीची वेळ टाळली की भाडं कमी किंवा माफ. रस्ता अडवण्याची किंमत मोजावी लागली की काम लवकर उरकतं, आणि दोन कंपन्यांना एकाच वेळी एकच चर वापरण्याची बुद्धी होते. आपल्याकडे खोदाई शुल्क घेतलं जातं; पण पैसे भरले की जबाबदारी फिटली, असाच त्याचा अर्थ लावला जातो. हे बदलायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

पदपथाची कथा याहून केविलवाणी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथही झाले. इतरत्र मात्र विजेची पेटी, केबलचं वेटोळं, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि उभ्या दुचाक्या यांतून उरेल ती वाट म्हाताऱ्या माणसाने शोधायची.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार रस्त्यांची देखभाल हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, सवडीचं काम नव्हे. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई हवीच. पण ती माणूस गेल्यावर मिळते. चराची तपासणी त्याआधी व्हायला हवी.

म्हणून आपल्या गल्लीत कटरचा आवाज आला की क्षेत्रीय कार्यालयात तीन गोष्टी लेखी मागाव्यात: परवानगी कोणाची, काम संपायची तारीख कोणती, आणि बुजवलेला चर खचला तर तो कोणी, किती वर्षांपर्यंत, स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.