लाल दिव्याचं प्रामाण्य

राजापेठेतल्या एखाद्या दुकानात इंटरनेट बंद पडतं, भिंतीवरच्या डब्यातला ‘एलओएस’चा दिवा लाल होऊन लुकलुकू लागतो आणि फोन जातो: ‘लाल लाईट येऊन राह्यली, केबल तुटली.’ यातला पहिला भाग डोळ्यांनी पाहिलेला, दुसरा मनाने जोडलेला. दिवा पाहून बिघाड कळतो तो नेमका कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने? चटकन सुचणारं उत्तर अनुमानाचं. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, तसंच हे. मला ते पटत नाही. धूर आणि अग्नी यांचं नातं कुणी ठरवलेलं नाही. दिव्याचं नातं मात्र कारखान्यात ठरतं. फायबरमधून येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश अमुक पातळीखाली गेला की लाल दिवा लावायचा, असं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे दिवा हा शब्द आहे, आणि त्याला कसोटीही शब्दप्रमाणाचीच लावायला हवी: सांगणाऱ्याला काय माहीत आहे, आणि किती?

एलओएसच्या दिव्याला एवढंच माहीत आहे की प्रकाश पुरेसा पोचत नाही. फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटली, कपाटामागे मुडपली, कनेक्टरवर धूळ बसली की एक्स्चेंजमधलं कार्ड गेलं, यावर तो मुका आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९२ सालच्या एक्स.७३३ या मानकात अलार्मसोबतचा रकाना आहे तो ‘संभाव्य कारणा’चा, आणि तीव्रतेच्या पायऱ्यांत ‘अनिश्चित’ हीसुद्धा एक आहे. मानक लिहिणाऱ्यांचा हा सावधपणा दिवा पाहणाऱ्यांत क्वचितच उतरतो. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी एक दिवा विझला, म्हणून झडप मिटली असं कर्मचाऱ्यांनी धरलं. दिवा सांगत होता ते फक्त झडप मिटण्याचा हुकूम सुटल्याचं. झडप उघडीच राहिली, पाणी वाहून गेलं आणि अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. दिवा खोटं बोलला नव्हता. त्याला कधी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घातलं गेलं होतं.

शब्दाला बोलणारा आप्त, म्हणजे जाणता आणि विश्वासू माणूस, लागतो; दिव्याला ना ज्ञान ना इच्छा, असा आक्षेप येईल. पण पोथीच्या कागदालाही ती नसतात. बोलणारा अभियंता आहे, यंत्र त्याचा निरोप्या. (मीमांसक तर वेदाला कर्ताच मानत नाहीत आणि तरी तो प्रमाण मानतात, तो वाद इथे नको.) दुसरा आक्षेप असा, की शब्द म्हणजे ऐकीव, म्हणून दुय्यम. चांदूरबाजार तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज बालपणीच दृष्टी गमावलेले. ग्रंथ त्यांना इतरांकडून वाचवून घ्यावे लागले, आणि १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा शंभराहून अधिक रचना मागे होत्या. ऐकीव ज्ञान मुळातच दुबळं असतं, तर ही विद्वत्ता उभी कशावर राहिली?

खरी अडचण विझलेल्या दिव्याची. भाट्ट मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण एक अट घालून: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अलार्मचा दिवाच जळालेला असेल, तर तो लागला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणूनच एक्स्चेंजमधल्या कित्येक रॅकवर ‘लॅम्प टेस्ट’चं बटण असतं. ते दाबल्यावर सगळे दिवे लागायला हवेत. जो लागत नाही त्याच्या गप्प बसण्याला किंमत नाही. ग्राहकाकडच्या पुष्कळशा डब्यांत आणखी एक सोय असते. वीज गेली की डबा पुरता विझण्याआधी एक्स्चेंजला अखेरचा संदेश धाडतो, त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. वीज जाणं वऱ्हाडाला नवं नाही, त्यामुळे हा संदेश इथे फार कामाचा. तो येऊन मग डबा गप्प झाला, तर आधी विजेची चौकशी करावी. तो न येताच झाला, तर फायबरवर संशय घ्यावा. तेव्हा तक्रार करताना ‘केबल तुटली’ म्हणू नका. कोणता दिवा, कोणत्या रंगाचा, स्थिर की लुकलुकता आणि घरात वीज आहे की नाही, एवढंच सांगा. कारण शोधायचं काम लाईनमनवर सोडा.