उशिरा मिळालेले नाव

पन्नाशी उलटलेल्या माणसाने, संसार मार्गी लागल्यावर आणि मुले हाताशी आल्यावर, आपण स्वमग्न आहोत की काय हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे काय? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. परंतु ज्या घरात तो उठतो, त्या घरातील माणसे तो नीती-अनीतीचा प्रश्न म्हणूनच हाताळतात. ‘आता या वयात कशाला?’ असे एक जण म्हणतो. ‘आपल्या वागण्याला निमित्त शोधतो आहे,’ असे दुसऱ्याचे मत पडते. ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे, बाहेर कळले तर?’ ही तिसऱ्याची काळजी असते. या तिन्ही आक्षेपांत थोडेबहुत तथ्य आहे. म्हणूनच त्यांचा शांतपणे विचार व्हायला हवा.

प्रथम शब्दाकडे पाहू. स्विस मनोविकारतज्ज्ञ युजेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला, तो एका वेगळ्याच मनोविकाराच्या संदर्भात. ग्रीक भाषेतील ‘स्वतः’ या अर्थाचा शब्द त्याच्या मुळाशी आहे. आपण मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतो आणि नकळत एक ठपका ठेवून मोकळे होतो. जो स्वतःतच मग्न, तो इतरांचा विचार न करणारा, असाच अर्थ कानाला जाणवतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ही जन्मजात घडण आहे. न बोललेले सूचक अर्थ इतरांना आपोआप उमगतात. अशा माणसाला ते प्रयत्नाने शोधावे लागतात. ठरलेला क्रम मोडला की तो कासावीस होतो. आवाज, उजेड, गर्दी, स्पर्श यांचा त्याला इतरांहून अधिक त्रास होतो. एखाद्या विषयात मात्र तो असा खोल शिरतो की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. या घडणीची काही माणसे आयुष्यभर बोलू शकत नाहीत. काही कचेऱ्या सांभाळतात, शाळेत शिकवतात, संसार करतात. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात सारे गप्पांत रमलेले असताना जो सरळ घराची वाट धरतो, त्याला आपण ‘शिष्ट’ म्हणतो. कदाचित तो पाऊण तास घंटा, गाणी आणि ध्वनिक्षेपक सोसून थकलेला असेल.

मग हे लहानपणीच का कळले नाही? याचे उत्तर इतिहासात आहे. लिओ कॅनर यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध १९४३ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील हान्स आस्पर्गर यांनी जर्मन भाषेत अशाच काही मुलांविषयी लिहिले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा मिळायला १९८० साल उजाडावे लागले, आणि तीही बालपणीची अवस्था म्हणून. जी मुले बोलत होती, परीक्षा देत होती, त्यांच्याकडे इंग्रजी जगाचे लक्ष १९८१ मध्ये लॉर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंच्या निबंधाने वेधले. आस्पर्गर यांचे नाव त्या पुस्तिकेत १९९४ साली आले आणि २०१३ साली गळले. सर्व प्रकार एकाच व्यापक नावाखाली आणले गेले. आपल्या देशातील १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती समाविष्ट झाली. तेव्हा आज जे पन्नाशी-साठीत आहेत, त्यांच्या शाळकरी वयात शिक्षकापाशी वा डॉक्टरपाशी हा शब्दच नव्हता. शब्द नव्हता, पण मूल तर समोर होते. मग हाताशी असलेले शब्द त्याला चिकटवले गेले: हट्टी, आळशी, मंद, माणूसघाणा.

स्कॉटलंडमधील सुझन बॉइल यांचे उदाहरण येथे बोलके आहे. वेस्ट लोदियन परगण्यातील ब्लॅकबर्न या गावच्या या कॅथलिक गायिकेचा जन्म १९६१ चा. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झाली, असे तिच्या घरच्यांना सांगण्यात आले होते. शाळेत मुले तिला ‘सुझी सिंपल’ म्हणून चिडवीत. वृद्ध आईची तिने शेवटपर्यंत सेवा केली. २००९ साली दूरदर्शनवरील एका स्पर्धेत तिचा आवाज जगाने ऐकला. त्यापूर्वी व्यासपीठावर उभ्या असलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या त्या बाईच्या पेहरावाला आणि अवघडलेल्या बोलण्याला प्रेक्षक हसले होते, हेही जगाने पाहिले. २०१० मध्ये ग्लासगो येथे पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्यासमोर ती गायली. एवढे सगळे मिळाल्यावरही तिने तज्ज्ञाची भेट घेतली आणि २०१२ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, तिला आस्पर्गरचे निदान मिळाले. डिसेंबर २०१३ मध्ये ‘द ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राला तिने ते सांगितले तेव्हा तिच्या बोलण्यात दुःख नव्हते, सुटकेची भावना होती. लहानपणी लावलेले लेबल चुकीचे होते, आता लोक आपल्याला अधिक समजून घेतील, असा तिच्या सांगण्याचा आशय होता.

कीर्ती आणि पैसा लाभलेल्या बाईला या निदानाची गरज का भासावी? आमच्या मते या प्रश्नाचा गाभा येथे आहे. माणसाविषयी चुकीचे बोलले गेले, तर ते दुरुस्त व्हावे ही इच्छा न्यायाची आहे, सवलतीची नव्हे. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण लहानपणापासून शिकलो. ती मोडायला न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. ‘तो मुद्दामच तसे करतो’, हे वाक्य पुराव्यावाचून चाळीस वर्षे उच्चारले गेले, तर ती साक्षच होय. त्याहून वाईट हे की, ऐकून ऐकून तो माणूस स्वतःविरुद्धही तीच साक्ष देऊ लागतो. आपण वाईट आहोत, आपल्याला कुणावर प्रेम करता येत नाही, असे तो मानू लागतो. उशिरा झालेले निदान त्याला नवा स्वभाव देत नाही. जुनी साक्ष तेवढी रद्द करते.

आता निमित्ताचा आक्षेप. दोष आणि कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्नीचे वडील वारले. पती तिच्याशेजारी बसला नाही, अंगणातील पंप दुरुस्त करत राहिला. तिला वाटले, याला माझ्या दुःखाचे काही नाही. निदान सांगते की कदाचित त्याला ते दुःख वाचता आले नव्हते, किंवा काय करावे ते सुचले नव्हते, आणि पंप दुरुस्त करणे हीच त्याची सेवा होती. यामुळे त्याच्यावरील निष्ठुरतेचा आरोप उतरतो. कर्तव्य उतरत नाही. उलट ते अधिक स्पष्ट होते. यापुढे त्याने अंदाज न बांधता शब्दांत विचारले पाहिजे: ‘मी जवळ बसू की एकटे राहायचे आहे?’ तिनेही ‘न सांगता कळायला हवे’ हा आग्रह सोडून शब्दांत सांगितले पाहिजे. ‘मी असाच आहे’ या वाक्यावर जो थांबतो, तो निदानाचा दुरुपयोग करतो. ‘मी असा आहे, म्हणून मला हे शिकावे लागेल’ असे जो म्हणतो, त्याने त्याचे सार्थक केले.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. या निदानाने पतीला हलके वाटते, पण पत्नीच्या पदरी काय पडते? तीस वर्षांचा एकटेपणा खोटा नव्हता. आजवर दोष द्यायला निदान एक माणूस होता. आता तोही उरला नाही. नातेवाईक तिला म्हणतात, ‘आता कळले ना, मग समजून घे.’ ही घाई अन्यायाची आहे. एकाची खोटी साक्ष रद्द करताना दुसरीची खरी साक्ष पुसून टाकता येणार नाही. कुणाचा दोष नसतानाही कुणाला दुःख झाले असू शकते, आणि त्या दुःखालाही ऐकून घेणारे कान हवेत.

‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्यांना निदानाची रीत ठाऊक नसते. यासाठी रक्ताची तपासणी नाही की क्ष-किरणांचे चित्र नाही. मनोविकारतज्ज्ञ वा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ प्रदीर्घ मुलाखत घेतात आणि ही लक्षणे बालपणापासून होती काय, हे शोधतात. त्यासाठी आई, थोरली बहीण, जुनी प्रगतिपुस्तके हेच साक्षीदार. म्हणजे दिरंगाईने खरोखरच काही हरवते: आई गेली की तिची आठवणही जाते. हे मूळ लक्षण घालवणारे औषध नाही हे खरे. पण चिंता, खिन्नता, निद्रानाश अशा सोबतच्या त्रासांवर उपचार आहेत, आणि आपला थकवा कशाचा आहे हे कळलेल्या माणसाला विसावा आखता येतो. मात्र प्रत्येक अबोल माणूस स्वमग्न नसतो. भिडस्तपणा, खिन्नता, बहिरेपणासुद्धा तसा भास निर्माण करू शकतो. तज्ज्ञ ‘नाही’ असेही सांगतील. ते उत्तर स्वीकारायची तयारी ठेवून जो जातो, तो निमित्त शोधत नसतो, सत्य शोधत असतो.

राहिली लोकलाजेची गोष्ट. कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट १९३३ साली जन्मला आणि २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावी तो वाढला, तेथील बँकेत त्याने अनेक वर्षे नोकरी केली, तो गोल्फ खेळला, एकट्याने दूरदूर प्रवास करून आला. घरची सुस्थिती त्याच्या पाठीशी होतीच. परंतु गावाने त्याला त्याच्या तऱ्हेवाईकपणासह आपला मानले, ही गोष्ट पैशाने विकत मिळणारी नव्हती. गाव असे असेल, तर नावाची निकड कमी भासते. ज्या समाजात मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने बापाचे निदान लपवावे लागते, त्या समाजाला ते नाव अधिक हवे आहे.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: ज्याला आपले आयुष्य एका न सुटलेल्या आरोपाखाली गेले असे वाटते, त्याने अवश्य जावे, वय आड येऊ नये. आणि त्याच्यासोबत दवाखान्याच्या बाकावर घरातील एखाद्याने जाऊन बसावे. त्याच्या बालपणाविषयी विचारले जाईल, तेव्हा आठवेल तेवढे आणि तेवढेच सांगावे. इतक्या वर्षांनी का होईना, खरी साक्ष द्यायची ती संधी आहे.