पाण्याचा खरा फोटो कोणता?

दत्तप्रभूंनी चोवीस गुरू केले, त्यांत पाणीही आहे. निवृत्तीनंतर मला कॅमेऱ्याचा नाद लागला आणि या गुरूने मला एक प्रश्न घातला : वाहत्या पाण्याचा खरा फोटो कोणता?

शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडले, तर धबधब्याचा थेंब न् थेंब हवेत थांबलेला दिसतो. कॅमेरा तिपाईवर बसवून तेच तीस सेकंद उघडे ठेवले, तर पाणी दुधासारखे दिसते. दिवसा उजेड फार होतो, म्हणून भिंगापुढे गडद काच लावतात. उजेडाचा जेमतेम हजारावा हिस्सा आत सोडणारी काचही मिळते. खडक मात्र दोन्ही फोटोंत तसाच.

लोक म्हणतात, असे दुधाळ पाणी कुणी पाहिलेय? फोटो खोटा! पण हवेत थांबलेला थेंब तरी कुणी पाहिलाय? मी कॉमर्सचा माणूस. ताळेबंद 31 मार्च या एका दिवसाचा असतो, नफा-तोटा पत्रक अख्ख्या वर्षाचे. दोन्ही खरी, प्रश्न वेगळे.

माणसाचेही तसेच. पेन्शनच्या दिवशी रांगेत ताटकळलेला एखादा खातेदार खिडकीशी येऊन वाट्टेल ते बोलून जाई. तेवढाच क्षण धरून ठेवला, तर तो कायमचा भांडखोर. वीस वर्षे पाहिले, तर तोच दर महिन्याला कुणा म्हातारीची स्लिप भरून देणारा. वाटणीच्या वेळच्या एका वाक्यावरून सख्खे भाऊ जन्मभर बोलत नाहीत, तेव्हा त्यांच्याजवळ त्या एका क्षणाचाच फोटो असतो. दोष खरोखर खडकासारखा असेल, तर तो लांबच्या फोटोतही दिसेलच.

पण लांबचा फोटो पुसूनही टाकतो. 1838 मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा प्लेटवर काही मिनिटे प्रकाश पडू द्यावा लागे. हलणारी माणसे, गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. ठळक उरला तो बूट पॉलिशसाठी एका जागी थांबलेला एक माणूस. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. लांबच्या फोटोत ते पाणीही शांत, रेशमी दिसले असते. ज्याचे घर बुडाले त्याला ‘चढउतार चालायचेच’ म्हणणे हे तसेच. तिथे त्या घटकेचे पाणी पाहायला हवे, आणि हात पुढे करायला हवा.

म्हणून मी ठरवले आहे : दुसऱ्याचा दोष पाहताना शटर पुष्कळ वेळ उघडे ठेवावे, दुःख पाहताना त्या क्षणाकडेच पाहावे. आणि तिपाई हलली, तर खडकही पुसट येतो. ती तिपाई म्हणजे आपले मन. ते स्थिर राहो, एवढेच दत्तमहाराजांच्या चरणी मागणे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥