दोन शून्यं

मिरजेतल्या एका जुन्या घरात एक आजोबा राहत. उभं आयुष्य तंबोरे घडवण्यात गेलेलं. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घरी सिस्टर येऊ लागल्या. बीपी, साखर, टाक्यांची जागा, गोळ्यांची डबी, सगळं वेळच्या वेळी. जखम भरली, एक्स-रे चांगला आला. आजोबा मात्र पलंग सोडेनात. कोपऱ्यातल्या वॉकरवर घरचे टॉवेल वाळू लागले.

सिस्टरांच्या फायलीत एक छोटा कागद असे. त्यावर दोनच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? कधीच नाही म्हणजे ०, जवळजवळ रोज म्हणजे ३. बेरीज ३ किंवा जास्त झाली, की नऊ प्रश्नांचा मोठा कागद काढायचा. त्यानं निदान होत नाही, पण डॉक्टरांना कधी बोलवायचं ते कळतं.

पहिल्या भेटीत प्रश्न विचारले तेव्हा सूनच म्हणाली, "छे हो, आमचे बाबा खंबीर आहेत. वयामुळं बोलणं कमी झालंय, एवढंच." ती खोटं बोलत नव्हती. उदास माणूस रडतो अशी तिची समजूत, आणि बाबा कधी रडले नव्हते. सिस्टरांनी दोन शून्यं लिहिली. पुढच्या भेटींत तीच उतरत गेली.

एके दिवशी सून बँकेत गेली होती. बीपीचा पट्टा बांधता बांधता सिस्टरांना भिंतीशी गवसणीतला तंबोरा दिसला.

"आजोबा, हा वाजवता का कधी?"

"मी वाजवणारा नव्हे, बाई. मी जवारी लावणारा. जवारी गेली की तार वाजते, पण बोलत नाही."

सिस्टरांनी पट्टा सोडला, पेन खाली ठेवलं, स्टूल ओढून त्या जवळ बसल्या. तेच दोन प्रश्न पुन्हा विचारले आणि गप्प राहिल्या. बराच वेळ नुसता पंखा फिरत होता.

"रोज," आजोबा म्हणाले. दुसऱ्यालाही, "रोज." मग हळूहळू बाकीचं आलं. पाऊल टेकलं की पुन्हा पडेन, पोरांवर ओझं होईन, या घोरानं रात्र रात्र डोळा लागत नव्हता.

मोठ्या कागदावरचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारायला पुष्कळांची जीभ अडखळते. विचारल्यानं माणसाच्या मनात ते भरेल, ही भीती. तसं होत नाही. उलट मनात आधीच असेल ते बोलायला वाट मिळते. सिस्टरांनी तो सरळ विचारला.

"सकाळी जाग येऊ नये असं वाटतं. पण माझ्या हातानं काही करणार नाही."

सिस्टरांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि सून येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. कॅलेंडरवर ठळक अक्षरांत टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहिला, १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. बोलली काहीच नाही. वॉकरवरचे टॉवेल तेवढे उचलले.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून गोळी सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर सोडू नका, असं बजावलं.

त्या रात्री सिस्टरांनी जुने कागद काढले. आपल्याच अक्षरातली शून्यं. ती खोडली नाहीत. प्रत्येकाशेजारी समासात लिहिलं, "उत्तर सुनेचं."

मग बाकीच्या घरांच्या फायली उघडल्या.