आतुराचे चार गुण

सज्जनहो, चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य हा एक, औषध हा दुसरा, सेवा करणारा परिचारक हा तिसरा, आणि स्वतः रोगी, ज्याला शास्त्रात आतुर म्हणतात, तो चौथा. खाटेचा एक खूर मोडला की सारी खाट कलते, तसेच हे. बरे, गुणांची अपेक्षा शास्त्राने एकट्या वैद्याकडून केली नाही. रोग्यालाही चार गुण लावून दिले आहेत. स्मृति, म्हणजे काय झाले, केव्हा झाले, हे आठवणे. निर्देशकारित्व, म्हणजे वैद्य सांगेल तसे वागणे. अभीरुत्व, म्हणजे न घाबरणे. आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपले दुखणे दुसऱ्यास नीट सांगता येणे.

येथे शंका अशी येते की, ज्या मनाने हे चार गुण सांभाळायचे ते मनच आजारी पडले, तर हा चौथा पाद उभा राहायचा कसा?

ही शंका नुसती पोथीतली नव्हे. असे एक घर डोळ्यांपुढे आणा. पस्तीस वर्षांचा मुलगा. शिकलेला, एके काळी नोकरी करणारा. त्याला स्किझोफ्रेनिया झाला. कोणी बोलत नसता त्याला आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, असे वाटते. त्यातच त्याला मधुमेह आहे आणि तळपायाला जखम झाली आहे. म्हातारी आई म्हणते, "बाळा, दवाखान्यात चल." तो म्हणतो, "मला काही झालेले नाही. डॉक्टर त्यांना सामील आहे, सुईतून विष घालील." आणि आतून कडी लावून घेतो. लहान असता तर कडेवर उचलून नेला असता. पण हा साडेपाच फुटांचा पुरुष, आणि आईच्या गुडघ्यांत जोर नाही. जखम तर वाढतेच आहे. त्या माउलीने करावे काय?

प्रथम हे जाणावे की हा हट्ट नव्हे. या आजारात पुष्कळांना आपण आजारी आहोत हेच उमगत नाही. डोळा साऱ्या जगाला पाहतो, पण स्वतःत पडलेले सारे पाहत नाही. तशी ही गत. त्याला "वेडेपणा सोड" म्हणणे म्हणजे ताप चढलेल्यास "थंड हो" म्हणणे होय. करणी, बाधा, मागल्या जन्मीचे पाप, आईचे लाड, असली कारणे धुंडाळण्यात वेळ दवडू नये. तो वेळ त्या पायाचा आहे.

आणि पायाची काळजी थोडी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात, आणि त्यांतील बहुतेक हृदयविकार, मधुमेह अशा शरीराच्याच रोगांनी. शिवाय मनाच्या काही औषधांनीही वजन आणि साखर वाढते. म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करावी असे नव्हे. वजन आणि साखर वेळोवेळी तपासून डॉक्टरांना सांगावे.

आता सिद्धांत ऐका. रोग्याचे जे गुण आजाराने हिरावून नेले, ते परिचारकाने त्याला उसने द्यावेत.

स्मृति उसनी द्यावी, म्हणजे एक वही करावी. झोप किती, जेवला काय, गोळी घेतली की नाही, जखम काल केवढी आणि आज केवढी, हे तारखेसह लिहावे.

ज्ञापकत्व उसने द्यावे, म्हणजे तो येत नसेल तर वही घेऊन आपण डॉक्टरांकडे जावे. मनाच्या डॉक्टरांस साखरेच्या गोळ्या आणि साखरेच्या डॉक्टरांस मनाच्या गोळ्या दाखवाव्यात. कित्येकदा असे होते की, असा रोगी पोट दुखते म्हणाला तर "हे त्याच्या डोक्यातले" म्हणून सोडून देतात. तेथे नम्रपणे, पण ठाम सांगावे, "महाराज, मन आजारी आहे म्हणून पोट दुखत नाही असे नव्हे. एकदा तपासा."

अभीरुत्व उसने द्यावे, म्हणजे विष आहे की नाही याचा वाद घालू नये आणि "हो, आहे" असे खोटेही बोलू नये. म्हणावे, "तुला भीती वाटते हे मला दिसते. रात्रभर झोपला नाहीस. पाय ठणकतो ना? तेवढा पाहू या." पाय ठणकतो हे तोही नाकारीत नाही. आपण दोघांनी धरायची वाट तीच. गर्दी नसलेली वेळ घ्यावी, दर वेळी तोच डॉक्टर असावा, मलमपट्टी करणारी परिचारिका घरी येत असेल तर उत्तमच.

राहिले निर्देशकारित्व. हे बळाने येत नाही. गोळी सकाळी घेशील की रात्री, एवढी निवड तरी त्याच्या हाती ठेवावी. रोजची गोळी नको असेल तर काही औषधांची महिन्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने असतात, ती विचारावीत. पण जेवणात चोरून औषध कालवू नये. अहो, ज्याला विषाची भीती, त्याच्याच ताटात आपण लपवून काही घातले आणि त्याला ते कळले, तर त्याची शंका आपणच खरी केली की नाही? मग आईच्या हातचा घासही तो घेणार नाही.

मात्र जखम काळी पडली, ताप चढला, शुद्ध हरपू लागली, की समजावण्याचे दिवस संपले. तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मनाचा आजारच जिवावर बेतू लागला, तर त्यालाही वाट आहे. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रोग्याने आपला प्रतिनिधी नेमून ठेवावा आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवावे, अशी सोय त्यात आहे. प्रतिनिधीने अर्ज केल्यास आणि दोन जाणकारांनी तपासून गरज ठरविल्यास, प्रथम ३० दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवता येते. म्हणून मन शांत असेल त्या दिवशीच मुलाला विचारावे, "पुढे कधी बिघडले तर मी काय करू? माझ्यामागे कोणी करावे?"

साखळीला मात्र हा कायदा साफ मनाई करतो. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्याला आग लागली. मनोरुग्णांना तेथे साखळ्यांनी बांधले होते. २८ जीव गेले. त्यांना तेथे आणणारे नातलगही बरे वाटेल याच आशेने आले होते ना?

आपण वारकरी. दिंडीत एखादा थकला तर त्याची पडशी दुसरा खांद्यावर घेतो, तिसरा हात देतो, चाल जरा मंद होते. पण त्यालाच गाठोड्यासारखा बांधून कोणी नेत नाही. ओझे आपण घ्यावे, चालणे त्याचे त्याला ठेवावे.

परिचारकाचेही चार गुण शास्त्राने सांगितले आहेत: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. आईबापांपाशी अनुराग भरपूर असतो. पण चार रात्री न झोपलेल्याचे दाक्ष्य टिकत नाही. भाऊ, मावशी, शेजारी यांच्याशी पाळी लावावी. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. रोगी बोलत नसेल तर आईने बोलावे. आणि मुलासाठी जिची आषाढी चुकली, तिने खंत करू नये. पुंडलिकासाठी जो विटेवर थांबला, तो हिच्यासाठी थांबणार नाही काय?

एवढे करूनही कडी आजच निघेल असे नाही. उद्या पुन्हा दारापाशी जावे, त्याच आवाजात हाक मारावी, आणि वहीत तारीख घालावी.

रामकृष्णहरि.